जातें कीं चूल ? : अन्नपचनाच्या शोधाची कथा

घांस घशाखालीं उतरला कीं त्याच्यावरील आपली सत्ता संपली. किती चावावा आणि केव्हां गिळावा, एवढेंच काय तें आपल्या हातीं असतें. पुढें दिवस-दीड दिवस त्या घांसाचें काय होतें हें पाहण्यास आपणांस डोळा नाहीं, आणि पोट निरोगी असेल तर त्याची जाणीवही नाहीं. ह्या अंधाऱ्या कोठींत काय चालतें ह्याविषयीं माणसानें दोन हजार वर्षें तर्क लढविले. त्या तर्कांस प्रयोगाची जोड मिळाली ती मात्र अलीकडच्या तीन-साडेतीनशें वर्षांत. ती कथा आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

शाळेंत हा विषय शिकवितांना फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढण्याची आम्हां मास्तरांची जुनी चाल आहे. रेघेच्या एका अंगास ' यांत्रिक क्रिया ' : चावणें, घुसळणें, पुढें ढकलणें. दुसऱ्या अंगास ' रासायनिक क्रिया ' : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस. मग परीक्षेंत ' दोहोंमधील फरक सांगा ' असा प्रश्न घातला कीं काम झालें. ही रेघ परीक्षकाच्या सोयीची आहे हें खरें, परंतु माणसाच्या पोटांत ती कोठेंही ओढलेली नाहीं. मग ती फळ्यावर आली कोठून ? ती एका फार जुन्या भांडणांतून आली आहे, आणि त्या भांडणाचा निकाल कसा लागला हें समजलें म्हणजे पचन म्हणजे काय हेंही आपोआप समजतें.

भांडणाचा एक पक्ष म्हणे कीं पोट म्हणजे चूल. आपल्या भाषेचेंच पहा. ' पचन ' हा शब्द ज्या ' पच् ' धातूपासून निघाला त्याचा अर्थच मुळीं शिजविणें असा आहे. ग्रीक लोक पचनास ' पेप्सिस ' म्हणत, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं तो शब्द व आपला ' पच् ' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. म्हणजे पूर्वेकडे काय आणि पश्चिमेकडे काय, पोटांत अन्न शिजतें ही कल्पना शब्दांतच रुजलेली होती. दुसऱ्या शतकांतील वैद्य गॅलेन यानें तर जठरास चुलींनीं वेढलेल्या हंड्याची उपमा दिली. यकृतासारखे भोंवतालचे अवयव त्या हंड्यास ऊब देतात, असें त्याचें म्हणणें. आपल्याकडे जठराग्नि ही कल्पना तर घरोघरीं आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत पाचक पित्त, अन्नास भिजविणारा क्लेदक कफ आणि अग्नीच्या जवळ राहून अन्नाची हालचाल करविणारा समान वायु, असे तिघे सांगितले आहेत. रस आणि हालचाल हीं एका ठिकाणीं नांदतात असें ह्या मांडणींत आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. परंतु तेवढ्यावरून आजचें शरीरशास्त्र आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह कोणी धरूं नये. ती मांडणी निरीक्षणाची आणि अनुमानाची होती. पोटांत शिरून पाहण्याचा मार्ग तेव्हां कोणासच सांपडला नव्हता.

दुसरा पक्ष म्हणे कीं पोट म्हणजे जातें. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत इरॅसिस्ट्रेटस नांवाच्या ग्रीक वैद्यानें, अन्न जठरांत दळलें जातें, शिजत नाहीं, असें प्रतिपादन केलें. गॅलेननें त्याची चांगलीच खरड काढली आणि पुढें दीड हजार वर्षें हें मत मागें पडलें. सतराव्या शतकांत यंत्रशास्त्राचा उदय झाला तेव्हां त्यानें पुन्हां डोकें वर काढलें. फ्लॉरेन्स येथील ज्या विद्वन्मंडळाचा वृत्तान्त १६६७ सालीं प्रसिद्ध झाला, त्या मंडळानें कोंबड्यांस व बदकांस कांचेचे गोळे गिळावयास लावले आणि पाहिलें तों पोटांत कांचेचा भुगा झालेला ! त्याच काळांत बोरेल्ली नांवाच्या गणितज्ञानें प्राण्यांच्या हालचालींवर मोठा ग्रंथ रचला. तो त्याच्या मृत्यूनंतर १६८० सालापासून प्रसिद्ध झाला, आणि त्यांत पक्ष्याच्या पोटाच्या दाबाचें गणितही केलेलें होतें. पुढें स्कॉटलंडच्या पिटकेर्न वैद्यानें माणसाच्या जठराच्या अंगीं हजारों पौंडांचें बळ असल्याचा हिशेब मांडला. एवढें बळ पोटांत असतें तर आपणांस मधूनमधून त्याचा आवाज तरी ऐकूं आला असता !

इकडे ब्रुसेल्सचा व्हॅन हेल्मॉंट (मृत्यु १६४४) आणि त्याचे अनुयायी ह्यांनीं चुलीच्या पक्षास नवें रूप दिलें. नुसत्या उष्णतेनें पचन होत असेल तर ज्यांचें रक्त थंड त्या माशांस अन्न कसें पचतें, असा त्यानें बिनतोड प्रश्न केला. त्याचें उत्तर असें कीं दुधाला जसें विरजण तसें अन्नास जठरांतील आंबट किण्व. अशा रीतीनें एकीकडे यंत्रवादी आणि दुसरीकडे रसायनवादी असे दोन तट पडले, आणि फळ्यावरील त्या रेघेचा जन्म झाला.

हा वाद प्रयोगाच्या पायरीवर आणून बसविला तो रेओम्यूर नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें. त्याचा निबंध १७५२ सालचा. त्याच्या हातीं एक पाळलेली घार होती. शिकारी पक्ष्यांची एक खोड अशी कीं हाडें, पिसें इत्यादि जें पचत नाहीं तें ते पुन्हां तोंडावाटे टाकून देतात. रेओम्यूरनें ह्या खोडीचा उपयोग करून घेतला. त्यानें धातूची आंखूड नळी घेतली, दोन्ही तोंडांस दोऱ्यांची जाळी बांधली, आंत मांसाचा तुकडा ठेवला आणि ती नळी घारीस गिळावयास दिली. युक्ति साधी आहे, पण किती विचारपूर्वक योजिलेली आहे पहा ! पोट जातें असेल तर नळीच्या भिंतींमुळें मांसास धक्का लागणार नाहीं व तें जसेंच्या तसें परत येईल. पोटांत एखादा रस असेल तर तो जाळींतून आंत शिरेल व आपलें काम करील. घारीनें नळी ओकून टाकली तेव्हां नळी शाबूत होती, पण मांस मात्र वितळून बरेंच कमी झालें होतें. मग त्यानें नळींत स्पंज भरून तो रस बाहेर आणला. त्यानें निळा कागद तांबडा केला, म्हणजे रस आंबट होता.

रसायनवादी जिंकले म्हणावें, तर त्याच रेओम्यूरनें हाच प्रयोग दाणे खाणाऱ्या पक्ष्यांवर केला आणि निकाल उलटा आला. टर्कीसारख्या पक्ष्यांच्या पोटांत जाड स्नायूंची एक पिशवी असते, तिला आपण पेषणी म्हणूं. तिच्यांत धातूच्या नळ्या चपट्या होऊन गेल्या, आणि ज्या टिकल्या त्यांतील सातूचे दाणे जसेच्या तसे राहिले. घारीच्या पोटांत चूल आणि कोंबड्याच्या पोटांत जातें असा हा पेंच पडला.

तो सोडविला इटलींतील पाव्हिया विद्यापीठाचा अध्यापक लाझारो स्पालान्झानी यानें. हा धर्मोपदेशक होता, पण प्रयोगाच्या बाबतींत त्याच्यासारखा हट्टी मनुष्य विरळा. बेडूक, साप, मासे, कावळे, घुबडें, गरुड, मेंढ्या, बैल, कुत्रीं, मांजरें, जो प्राणी हातीं लागेल त्याच्या पोटाची त्यानें झडती घेतली, आणि १७८० सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पेषणीचें बळ किती हें पाहण्यासाठीं त्यानें टर्कीस सुया व लहान पातीं खोंवलेल्या शिशाच्या गोळ्या चारल्या; सुया-पातीं मोडलीं, पेषणीस मात्र ओरखडाही नाहीं. परंतु त्याचा खरा प्रश्न पुढचा होता : मोडणें म्हणजे पचणें काय ? त्यानें दोन नळ्या घेतल्या. एकींत अख्खे दाणे व दुसरींत भरडलेले दाणे घालून त्या पक्ष्यांच्या पोटांत सोडल्या. अख्खे दाणे तसेच राहिले. भरडलेले विरघळूं लागले. म्हणजे पेषणी दाणे पचवीत नव्हती. ती दाण्यांचें कवच फोडून रसास वाट करून देत होती. मेंढ्यांच्या बाबतींतही तेंच. नळींत भरलेलें कोरडें गवत पोटांत शिरून तसेंच बाहेर आलें. तेंच गवत आधीं चावून, लाळेंत भिजवून नळींत भरलें तेव्हां त्यावर रसाचा अंमल चालला. गाय रवंथ कां करते ह्याचें ह्याहून सोपें स्पष्टीकरण मला ठाऊक नाहीं.

शेवटीं त्यानें स्वतःच्या देहावर प्रयोग आरंभिले. चावलेली भाकरी तागाच्या चिमुकल्या पिशवींत शिवून तो ती गिळी. पहिल्या वेळीं त्यालाही भीति वाटली, कीं ही पिशवी आंतड्यांत अडकली तर काय ! पिशवी सुमारें एका दिवसानें बाहेर आली. शिवण जशीच्या तशी, कापड शाबूत, आणि आंत भाकरीचा कणही शिल्लक नाहीं. मग मांस. चावून घातलेलें मांस न चावलेल्या मांसापेक्षां लौकर नाहींसें होई. उपाशीं पोटीं ओकारी काढून त्यानें आपला जठररस मिळविला ; पण तो खटाटोप इतका किळसवाणा वाटला कीं तें त्यानें लौकरच सोडून दिलें. जनावरांच्या रसांत मांस घालून ती कांचेची नळी तो दिवसच्या दिवस आपल्या काखेंत धरून ठेवी, अशासाठीं कीं रसास देहाची ऊब मिळावी. काखेंत मांस पचलें ! म्हणजे ऊब हवी, पण ऊब हा पचविणारा नव्हे. त्याच सुमारास, १७७७ सालीं, एडिंबरो येथें स्टीव्हन्स नांवाच्या तरुण वैद्यानें दगड गिळून पोट भरणाऱ्या एका माणसास भोंकें पाडलेले चांदीचे पोकळ गोळे गिळावयास लावून माणसाच्या बाबतींत हेंच दाखवून दिलें होतें.

चावण्याचें आणि रसाचें नातें कसलें आहे हें घरच्या घरीं ताडून पाहतां येतें. एक इंच लांब, रुंद व उंच असा गुळाचा चौकोनी खडा घ्या. त्याचीं सहा अंगें मिळून सहा चौरस इंच पृष्ठभाग झाला. पाण्यास गूळ विरघळवावयाचा तर एवढ्याच जागेवरून. आतां त्याच खड्याचे प्रत्येक बाजूस आठ असे भाग करा. पांचशें बारा कण होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग अठ्ठेचाळीस चौरस इंच भरेल. गूळ तेवढाच, पाणी तेवढेंच. पण शिरकाव करण्यास जागा आठपट झाली. दांत रसाचें काम करीत नाहींत, आणि रस दांतांचें काम करीत नाहीं. पण दांतांनीं पाठ फिरविली तर रसाला दाराबाहेरच तिष्ठत बसावें लागतें. वयपरत्वें ज्यांच्या दांतांनीं राजीनामा दिला आहे, त्यांस हें सांगावयास नको.

रसांत असतें तरी काय, हा शोध पुढें भराभर लागला. लंडनच्या विल्यम प्राउटनें १८२३ च्या डिसेंबरांत रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत जठरांतील अम्ल हें हायड्रोक्लोरिक अम्ल असल्याचें सांगितलें. लोकांस नवल वाटलें. कारण जें तेजाब प्रयोगशाळेंत बाटलींत जपून ठेवावयाचें तें माणूस पोटांत घेऊन फिरतो! परंतु नुसत्या अम्लानें मांस पचत नाहीं. १८३६ सालीं थिओडोर श्वान यानें जठराच्या अस्तरांतून दुसरें द्रव्य वेगळें काढलें आणि त्या जुन्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पेप्सिन ठेवलें. आज आपण अशा द्रव्यांस विकरें म्हणतों.

ह्याच सुमारास, युरोपच्या विद्यापीठांपासून फार दूर, एक अशी घटना घडली कीं तिनें पोटाची ती बंद कोठी अक्षरशः उघडली. उत्तर अमेरिकेंतील मोठ्या सरोवरांच्या प्रदेशांत मॅकिनॅक नांवाचें बेट आहे. तेथें केंसाळ कातड्यांचा व्यापार चाले. ६ जून १८२२ रोजीं व्यापारी कंपनीच्या दुकानांत कोणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि हातभर अंतरावर उभा असलेला अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाचा तरुण कोसळला. हा फ्रेंच-कॅनडियन, होड्या वल्हविणारा, ओझीं वाहणारा मजूर. लिहिणें-वाचणें त्यास येत नव्हतें. डाव्या छातीखालीं मोठी जखम होऊन फुप्फुसाचा व जठराचा भाग बाहेर आला होता, आणि सकाळचें जेवण जखमेंतून गळत होतें. बेटावरील लष्करी ठाण्याचा डॉक्टर विल्यम बोमॉंट धांवत आला. रोगी वांचेल असें त्यास वाटलें नव्हतें. पण तो वांचला. जखम भरली, परंतु पोटास पडलेलें भोंक कांहीं केल्या मिटेना. जठराच्या अस्तराची एक घडी त्यावर पडद्यासारखी आली. बोटानें ती बाजूस सारली कीं जठराचें आंतील अंग दिसूं लागे.

गांवच्या अधिकाऱ्यांनीं ह्या निर्धन परक्याचा खर्च सोसण्याचें नाकारलें, तेव्हां बोमॉंटनें त्यास आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्याचा दयाळूपणा खोटा नव्हता. तसाच त्याचा स्वार्थही. १ ऑगस्ट १८२५ रोजीं त्यानें रेशमी दोऱ्यास निरनिराळे जिन्नस बांधून ते त्या भोंकांतून पोटांत सोडले. मसाला लावून शिजविलेलें गोमांस, कच्चें खारविलेलें डुकराचें व बैलाचें मांस, उकडलेलें मांस, शिळा पाव आणि कच्च्या कोबीच्या फोडी. तासातासानें दोरा ओढून पाहावयाचें, कीं कोणता जिन्नस किती उरला. कोबी आणि पाव एका तासांत निम्मे झाले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा प्रयोग त्यानंतर आठवड्याच्या आंतला, ७ ऑगस्टचा. सेंट मार्टिनला सतरा तास उपाशीं ठेवून बोमॉंटनें थर्मामीटर आंत घातला. उष्णता शंभर अंश भरली. मग रबरी नळीनें एक औंस स्वच्छ रस काढून कुपींत घेतला, त्यांत उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकला, आणि ती कुपी तितक्याच उष्ण पाण्यांत ठेवली. त्याच क्षणीं अगदीं तसाच दुसरा तुकडा दोऱ्यानें पोटांत सोडला. वेळ सकाळीं अकराची. पहिला तासभर दोन्ही तुकड्यांची गत सारखीच होती. दुपारीं एक वाजतां दोरा ओढला तों पोटांतला तुकडा नाहींसा झालेला. कुपींतला तुकडा पुरता विरघळण्यास रात्रीचे नऊ वाजले.

दोन तास आणि दहा तास. रस तोच, मांस तेंच, ऊबही तीच. कुपींत जें घडलें त्यानें रसायनवाद्यांची बाजू कायमची सिद्ध केली, कारण ना दळणें ना घुसळणें, ना जीवाचा संबंध, तरी मांस विरघळलें. पण त्या मधल्या आठ तासांचा हिशेब कोणी द्यावयाचा ? कुपींत तुकड्यास हलविणारें कोणी नव्हतें. त्याच्या अंगावर सुटलेला गाळ झाडून नवा पृष्ठभाग उघडा करणारें कोणी नव्हतें. दमलेल्या रसाच्या जागीं ताजा रस आणून देणारें कोणी नव्हतें. पोटांत हें सर्व होत होतें. बोमॉंटनें तें डोळ्यांनीं पाहिलेंही : थर्मामीटर आंत ठेवला असतां त्याचा दांडा जठराच्या हालचालीबरोबर फिरे, आणि अन्न एका काठानें खालीं जाऊन दुसऱ्या काठानें वर येतांना दिसे. एक फेरा एक ते तीन मिनिटांत पुरा होई. सेंट मार्टिन चिडला, रागावला कीं पचन मंदावतें, हेंही त्यानें टिपून ठेवलें आहे.

आणि चिडण्यास त्या बिचाऱ्यास कारण नव्हतें असें नाहीं ! ज्याच्या पोटांत दोरे सोडून ठेवले आहेत आणि ज्यानें सतरा-सतरा तास उपाशीं राहावयाचें, त्यानें आनंदी राहावें अशी अपेक्षा कोणी करावी ? १८२५ सालींच तो न सांगतां कॅनडांत निघून गेला. तेथें त्यानें लग्न केलें. १८२९ सालीं बोमॉंटनें त्यास कुटुंबासह मिसिसिपीच्या कांठच्या ठाण्यावर आणविलें. १८३२ सालीं रीतसर करार झाला कीं अन्नवस्त्र व वर्षास दीडशें डॉलर ह्यांच्या मोबदल्यांत सेंट मार्टिननें आपलें जठर डॉक्टरच्या प्रयोगांसाठीं मोकळें ठेवावें. १८३३ सालीं बोमॉंटचें पुस्तक निघालें. त्यांत दोनशेंहून अधिक प्रयोगांची नोंद आहे आणि तें आजही वाचावें असें आहे. जठररसाच्या कुप्या डंग्लिसन, सिलिमन ह्यांसारख्या अमेरिकन विद्वानांकडे व दूर स्वीडनला बर्झेलिअसकडे गेल्या. १८३४ सालीं सेंट मार्टिन पुन्हां गेला तो परत आला नाहीं, आणि पुढें जवळजवळ वीस वर्षें, १८५३ सालीं मृत्यु येईतों, बोमॉंट त्यास बोलावीतच राहिला.

बोमॉंटचें नांव सर्व पुस्तकांत आहे, सेंट मार्टिनचें एखाद्या ओळींत. मला हा न्याय वाटत नाहीं. पोटास भोंक घेऊन तो मनुष्य अट्ठावन्न वर्षें जगला, लांकडें फोडलीं, ओझीं वाहिलीं, मुलेंबाळें वाढविलीं. २४ जून १८८० रोजीं क्वेबेक प्रांतांतील एका खेड्यांत तो वारला तेव्हां मॉंट्रिऑलचे प्रसिद्ध डॉक्टर ऑस्लर ह्यांस तें जठर संग्रहालयासाठीं हवें होतें. घरच्या मंडळींनीं ऐन उन्हाळ्यांत प्रेत मुद्दाम ठेवून नासूं दिलें, आणि कोणी उकरूं नये म्हणून आठ फूट खोल पुरलें. जिवंतपणीं ज्याचें पोट सर्वांसाठीं उघडें राहिलें, त्याचें तें दार मेल्यावर तरी घरच्यांनीं बंद केलें.

पोटांतील हालचाल बाहेरून पाहण्याचा मार्ग पुढें क्ष-किरणांनीं दिला. रंटजेनचा शोध १८९५ च्या अखेरचा. आणि वर्षभरांतच, १८९६ च्या डिसेंबरांत, हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी ते किरण प्राण्यांच्या देहांतून पाठवून गिळण्याची क्रिया पाहूं लागला. मांजरीस बिस्मथ मिसळलेलें अन्न चारावें, म्हणजे जठराची सावली पडद्यावर काळी उमटते. कॅननला दिसलें कीं जठराच्या खालच्या अर्ध्या भागांतून एकामागून एक आकुंचनाच्या लाटा दाराकडे जात आहेत. मांजरींत त्या मिनिटास सहा, माणसांत तीन. लाट अन्नास दाराकडे रेटते, पण दार असतें बहुतेक मिटलेलें. म्हणून अन्न जोरानें मागें उसळतें आणि ह्या जाण्यायेण्यांत चुरलें जाऊन रसांत कालवलें जातें. एक-दोन मिलिमीटरांहून मोठा कण हें दार सहसा बाहेर सोडीत नाहीं. मांजर भ्याली किंवा चिडली कीं लाटा थांबत. सेंट मार्टिनच्या रागाचें कोडें येथें उलगडलें.

परंतु कॅननला दुसरी एक गोष्ट दिसली, ती मला ह्याहूनही मौजेची वाटते. जठराचा वरचा भाग जवळजवळ निश्चल असतो ! तेथें घुसळण नाहीं. भाताचा किंवा भाकरीचा घांस लाळेंत माखून तेथें येऊन पडला, कीं त्याच्या मध्यभागापर्यंत अम्ल पोंचण्यास बराच वेळ लागतो. लाळेंतील विकर पिठाची साखर करतें, पण अम्ल लागलें कीं तें निकामी होतें. तेव्हां ह्या निवांत कोपऱ्यांत लाळेस आपलें काम चालू ठेवण्यास उसंत मिळते. वरच्या भागांतही खालच्यासारखीच घुसळण असती तर तोंडांत आरंभलेलें काम घशाखालीं उतरतांच बंद पडलें असतें. म्हणजे हालचालीनें रसाला मदत होते हें जितकें खरें, तितकेंच कोठें हलावयाचें नाहीं हेंही ठरलेलें आहे.

स्निग्ध पदार्थांची कथा थोडक्यांत सांगतों. फ्रान्सच्या क्लोद बेर्नारनें १८४८ च्या सुमारास सशाच्या पोटांत पाहिलें कीं स्वादुपिंडाचा रस जेथें आंतड्यास मिळतो त्याच्या पुढें चरबी पचून रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. सशांत पित्ताची नळी त्याच्या बरीच वर मिळते, म्हणून श्रेय सगळें स्वादुपिंडास मिळालें. त्याचाच शिष्य दास्तर ह्यानें मग कुत्र्यांत पित्ताची वाट वळवून ती खालीं नेली ; तेव्हां रसवाहिन्या पांढऱ्या झाल्या त्या पित्त मिळाल्यानंतरच. कारण असें कीं पित्त स्वतः चरबीचें रूपांतर करीत नाहीं. तेलकट भांड्यास रिठ्याचें पाणी लावावें तसें तें चरबीचे बारीक थेंब करून टाकतें, आणि त्या प्रत्येक थेंबाच्या अंगावर स्वादुपिंडाचें विकर बसतें. आतां ह्या पित्ताच्या कामास फळ्यावरील रेघेच्या कोणत्या अंगास घालावयाचें ? तुकडे करतें म्हणून यांत्रिक म्हणावें, तर हत्यार रसायनाचें ! विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न विचारला तर मास्तरांनीं आनंद मानावा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघे मेहुणे एकत्र काम करीत. १८९९ सालीं त्यांनीं आंतड्याच्या हालचालीचा नियम शोधून काढला : अन्नाच्या गोळ्यानें आंतडें ताणलें गेलें कीं त्याच्या मागचा भाग आंवळतो आणि पुढचा सैल पडतो, म्हणून गोळा पुढें सरकतो. तेथून ते रसाकडे वळले. जठरांतून आंबट लगदा लहान आंतड्यांत येतांच स्वादुपिंडास पाझर फुटतो. पण त्यास वर्दी देतो कोण? मज्जातंतू, असा पाव्हलॉव्हचा समज होता. १६ जानेवारी १९०२ रोजीं त्यांनीं बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आंतड्याच्या एका वेटोळ्याचे सर्व मज्जातंतू तोडले आणि त्यांत अम्ल घातलें. स्वादुपिंडांतून रस वाहूं लागला. मग आंतड्याचें अस्तर खरवडून, तें अम्लांत घोटून, गाळून, रक्तांत टोंचलें. पुन्हां रस आला. निरोप रक्तावाटे जात होता. त्या द्रव्यास त्यांनीं सिक्रेटिन म्हटलें, आणि अशा द्रव्यांसाठीं १९०५ सालीं स्टार्लिंगनें हार्मोन हा शब्द वापरला.

आतां हा सर्व व्यवहार एका ओळींत लावून पाहूं. अन्नानें जठर ताणलें जातें, तें ताणलें गेल्यामुळें अम्ल व पेप्सिन अधिक पाझरतें. लाट लगद्याचा एक घोट दाराबाहेर ढकलते. त्या घोटांतील अम्ल आंतड्याच्या अस्तरास लागतांच सिक्रेटिन रक्तांत उतरतें. स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस येतो. त्याच वेळीं अम्लाची आणि चरबीची जाणीव जठरास उलट इशारा देऊन त्याच्या लाटा मंद करते. पहिला घोट निवळेपर्यंत दुसरा येत नाहीं. क्षारानें अम्ल मारलें गेलें, आंतड्याच्या आकुंचनांनीं लगदा पुढें सरकला, कीं इशारा ओसरतो, जठराच्या लाटा पुन्हां जोर धरतात आणि दारांतून पुढचा घोट येतो.